विशेष नोंद : आगाऊ

हुशार पोर कसं ओळखावं हे शिकायला मला नोकरीची बावीस वर्षं घालवावी लागली, आणि शिकवायला आला तो एक पंचविशीतला तज्ज्ञ. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेचच्या सोमवारी आम्हा पन्नास-साठ वर्गशिक्षकांना शहरात बोलावलं होतं. गुलमंडीजवळच्या एका जुन्या शाळेचं सभागृह, त्यात सहावी-सातवीच्या मापाचे बाक आणि त्या बाकांत गुडघे अडकवून बसलेले आम्ही. प्रशिक्षणाचं नाव इतकं लांबलचक होतं की फलकावर ते तीन ओळींत बसवलं होतं. सांगायचं एवढंच होतं की वर्गात एखादं असामान्य बुद्धीचं मूल असेल, तर ते सगळ्यांत आधी वर्गशिक्षकाला ओळखू आलं पाहिजे.

तज्ज्ञ पडद्यावर एकेक लक्षण दाखवत होता. असं मूल फार प्रश्न विचारतं. मोठ्यांची चूक दाखवतं. नेहमीच्या कामाला चटकन कंटाळतं, वही अर्धवट ठेवतं. विचारावं एक तर त्याच्या पुढचं काहीतरी सांगत बसतं. मागच्या बाकावरचे एक गुरुजी म्हणाले की आम्ही ह्याला डोकेदुखी म्हणतो. सभागृह खदखदून हसलं. त्यात माझा आवाज बराच मोठा होता.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाया गुलमंडीत जाऊन ब्लाउजपीस बघून आलो. परतलो तेव्हा असामान्य बुद्धीची आणखी चार लक्षणं होऊन गेली होती. ती कुणालाच नको होती. शेवटी प्रत्येकाच्या हातात चार पानांचा एक तक्ता देण्यात आला. प्रत्येक वर्गातून एकच नाव पाठवायचं होतं. ज्याची निवड होईल त्याला शहरात पाच वर्षं राहण्याची, जेवण्याची आणि वेगळ्या शिक्षकांकडून शिकण्याची सोय होती. तक्ता शनिवारपर्यंत द्यायचा होता.

मी स्वतः हुशार म्हणून वाढले, हे इथंच सांगून टाकते. पिशोरला आमची जमीन आहे, घरात खाणारी तोंडं भरपूर आणि शिकलेली कमी. त्यात मी शाळेत कधी तोंड उघडलं नाही, अक्षर वळणदार काढलं, गुरुजींनी फळ्यावर लिहिलेलं चुकीसकट उतरवून घेतलं. एवढ्यावर मला गावभर हुशार म्हणत. पुढं मी शिक्षिका झाले आणि बावीस वर्षं माझ्यासारखीच पोरं शोधत राहिले. कव्हर घातलेल्या वह्या, विंचरलेला भांग, हात वर केल्याशिवाय न बोलणारी. अशी पोरं भरपूर सापडतात. त्यांना शोधायला प्रशिक्षण लागत नाही.

माझी शाळा पैठण रस्त्यावर, चितेगाव ओलांडून पुढं. वर्गात निम्मी पोरं कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची, बाकीची शेतकऱ्यांची आणि दोन-चार मेंढरंवाल्यांची. मेंढरंवाली पोरं जूनमध्ये उगवतात आणि दिवाळी झाली की आईबापाबरोबर गोदावरीच्या काठानं खाली निघून जातात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं पाच-सहा महिने नुसत्या फुल्या असतात. आम्हाला त्याची सवय झालेली आहे, आणि खरं सांगायचं तर वर्ग तेवढा मोकळा झाला म्हणून बरंही वाटतं.

मंगळवारी मी तक्ता घेऊन शाळेत गेले, तर सहावीचं नाव मुख्याध्यापकांनी आधीच ठरवून ठेवलेलं. शाळा समितीच्या अध्यक्षांचा मुलगा. पोरगा वाईट नव्हता. नीटनेटका, आज्ञाधारक, पाठांतर पक्कं. सर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त रकाने भरा." वर्ग माझा, सही माझी आणि नाव त्यांचं. माझ्या मनात गरिबांविषयी कळवळा वगैरे दाटून आला असं कुणी समजू नये. मला न विचारता ठरवलं, ह्याचाच राग होता. त्या रागात मी तक्ता पुन्हा वाचायला घेतला, एकेका लक्षणापुढं वर्गातलं कोण बसतं ते बघू लागले, आणि प्रत्येक लक्षणापुढं एकच पोरगी येऊन उभी राहू लागली.

ती मेंढरंवाल्यांची. खिडकीजवळच्या बाकावर बसायची. वही फाटकी, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, आणि तोंड मात्र सदा उघडं. तिच्याबरोबर माझं काय झालं होतं ते आता सांगायला हवं.

सप्टेंबरात मी गणित शिकवत होते. शिकवत होते म्हणजे गाईड हातात धरून फळ्यावर उतरवत होते. आम्ही सगळेच उतरवतो. शंभर मीटर लांबीचं सरळ कुंपण घालायचं आहे, दर पाच मीटरवर एक खांब, तर एकूण खांब किती. मी शंभरला पाचनं भागलं, वीस लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पोरांनी उतरवायला सुरुवात केली. तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला.

"बाई, ईस नाय. एकईस."

मी म्हणाले की पुस्तकात वीस आहे. ती उठून उभी राहिली आणि मला समजावून सांगू लागली. ते लोक रात्रीला मेंढरं कोंडायला खुंट्या ठोकून त्यावर जाळी ताणतात. त्या जाळीला ते वाघूर म्हणतात. एक बाजू सरळ ताणायची तर सुरुवातीला एक खुंटी जास्तीची लागते, नाहीतर जाळीचं पहिलं टोक बांधायचं कशाला, असं तिचं म्हणणं. चाळीस पोरं एकदा तिच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघू लागली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, आवाज खाली आणून ती म्हणाली, "पर गोल घातलं तर ईसच लागत्यात, बाई. गोल आसंल तर तुमचं बराबर हाय."

गोल कुणी विचारलंय, असं मी तिच्यावर खेकसले आणि तिला खाली बसवलं. फळ्यावरचं वीस तसंच राहिलं. चाळीस वह्यांत ते आजही असेल.

आमच्याकडं प्रगतिपत्रकात नुसते गुण लिहून भागत नाही. प्रत्येक पोराविषयी वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. सरकारला वाटतं, शिक्षक एकेका पोराचं निरीक्षण करतो आणि मग लिहितो. आम्ही काय करतो, तर अशा नोंदींचं एक तयार पुस्तक बाजारात मिळतं, ते आणतो. चित्र काढायला आवडते. अवांतर वाचन वाढवावे. शालेय उपक्रमांत सहभाग घेतो. पहिल्या पोराला पहिली ओळ, दुसऱ्याला दुसरी, पान संपलं की पुन्हा वरून. कुणाला चित्रं आवडतात आणि कुणाला नाही, हे त्याच्या हजेरी क्रमांकावर ठरतं. पाट्या टाकणं म्हणतात ते ह्यालाच, आणि मी त्यात तरबेज आहे.

त्या दिवाळीच्या सत्राला तिच्या पत्रकापाशी आले आणि पुस्तक बाजूला ठेवलं. 'विशेष नोंद' असा एक रकाना असतो, बहुतेकांचा मी कोरा सोडते. त्यात मी स्वतःच्या मनानं एकच शब्द लिहिला : आगाऊ. वर्षभरात चाळीस पोरांविषयी मी जे काही लिहिलं, त्यात माझा स्वतःचा असा हा एवढाच शब्द होता.

तर आता तक्ता पुढ्यात होता आणि मी तिचं नाव घालून मोकळी झाले. मुख्याध्यापकांनी नाव वाचलं आणि ते चिडले नाहीत, उलट हसले. ते म्हणाले की पोरगी ह्या आठवड्यात मेंढरांमागं जाणार, दरवर्षी जातेच, तिला कशाला गुंतवता. मी म्हणाले, शहरात जागा मिळाली तर जाणार नाही. त्यात खोटं काही नव्हतं. आमची शाळा सातवीपर्यंतच आहे, आणि तिच्या मोठ्या बहिणीची शाळा सातवीतच सुटली होती. पुढच्या वर्षी तिचं लग्नही उरकलं. हिच्यापुढं दीड वर्ष उरलं होतं. ही जागा मिळाली तर ती शिकणार, नाहीतर बहिणीमागं जाणार. हे सरांनाही माहीत होतं.

मग त्यांनी तक्त्याचं शेवटचं पान उलटून मला दाखवलं. पहिल्या सत्राच्या प्रगतिपत्रकाची छायाप्रत जोडायची होती, वर्तनाविषयीच्या नोंदीसह. "नोंद तुमच्याच अक्षरात आहे, मॅडम," ते म्हणाले. "आगाऊ पोरीची शिफारस वर कशी करायची, तेवढं सांगा." पत्रकावर सरांचीही सही होती. त्यांनी ती न वाचता केली होती, पण हा शब्द कुठून तरी त्यांच्या कानावर गेला होता. असले शब्द आमच्या शाळेत बरोबर पोचतात.

पत्रक पालकांकडं गेलेलं. ते परत आणायचं, खोडून दुसरं करायचं, सह्या घ्यायच्या आणि शनिवारच्या आत जोडायचं, असं ठरवून मी शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्यांच्या मुक्कामावर गेले. बावीस वर्षांत मी त्या बाजूला पहिल्यांदा पाऊल टाकत होते. गावाबाहेर पडीक रानात त्यांची दोन पालं होती. सामान अर्धं बांधून झालेलं. बाप मेंढरं घेऊन अजून यायचा होता. आई चुलीपुढं होती. मला बघून ती गडबडीनं उठली, घोंगडी झटकून अंथरली आणि चहा ठेवला. पोरगी खुंट्या ठोकत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा ठोकायला लागली.

मी विषय काढायच्या आत आईनंच पालातून एक प्लास्टिकची पिशवी आणली. तिच्यात रेशनकार्ड होतं, आधारकार्डं होती आणि मधोमध आमचं प्रगतिपत्रक, कोपरेसुद्धा न दुमडलेलं. माझ्या स्वतःच्या पोरांची पत्रकं माझ्या घरात कुठं आहेत हे मला सांगता येणार नाही. तिनं 'विशेष नोंद' ह्या रकान्यावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण बोट बरोबर शब्दावर होतं.

"तुमी लिवलंय म्हनं बाई, पोरगी आगाऊ हाय," ती म्हणाली. "म्या समद्यांना दाखीवलं. यष्टीत आगाऊ आरक्षन आसतंय, तसंच ना ह्ये? आदीच जागा ठरून ऱ्हाती. ही म्हनली, बाईंनी माजी जागा आदीच ठरवून ठिवलीया."

खुंटीवरचा हातोडा थांबला होता. हो म्हणणं खोटं होतं आणि नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती, तेव्हा मी मान हलवली. आईनं पत्रक पुन्हा पिशवीत ठेवायला घेतलं, तसं मी म्हणाले की हे मला उद्यापुरतं हवं आहे, एका कागदाला जोडायला. तिनं ते लगेच काढून दिलं. परत मिळंल ना, एवढंच विचारलं.

पोरगी मला सडकेपर्यंत सोडायला आली. मला वाटत होतं, तिनं चुकीचा अर्थ काढला आहे आणि तो आता मला दुरुस्त करावा लागणार. शिक्षकाला दुसरं काय वाटणार. मी म्हणाले की त्या शब्दाचा आणखी एक अर्थ असतो.

"मला ठावं हाय, बाई," ती म्हणाली. "आईला नाय."

ती खाली बघत चालत होती, रागावलेली दिसत नव्हती. मग ती म्हणाली, घरी नेल्यावर आईनं विचारलं काय लिवलंय, आता तिला काय सांगायचं. ती दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी बस थांब्यावर तिला आगाऊ आरक्षणाची पाटी दिसली.

मी तिला सांगितलं की मी हे पत्रक खोडून नवीन करणार आहे. शहरातल्या जागेचंही सांगितलं. जागेचं ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तिनं लगेच आवरलं, आणि पत्रकासाठी हात पुढं केला. रकाना निरखून बघितला. माझ्या शब्दापुढं बोटभर जागा मोकळी होती.

"नवीन केलं तर आईला कळंल," ती म्हणाली. "ती रोज बघती ह्येला. खोडू नगा बाई, म्होरं दोनच शब्द लिवा. विचार करते."

मी रस्त्याच्या कडेला, मैलाच्या दगडावर पत्रक ठेवून लिहिलं. आगाऊ विचार करते. पेनही तोच होता, निळा. कुणाला ओळखू आलं नसतं. सप्टेंबरात तिनं मला गोल कुंपणाची वाट काढून दिली होती, मी ती नाकारली होती. ह्या वेळी मुकाट्यानं घेतली.

शनिवारी मुख्याध्यापकांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. पुढचे दोन शब्द आधी होते की नव्हते हे त्यांना सांगता येईना, कारण सही करताना त्यांनी काहीच वाचलं नव्हतं. हे ते कबूल कसं करणार. त्यांनी तक्त्यावर शिक्का मारला. अध्यक्षांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

मधे एक परीक्षा झाली, ती तिनं दिली. तिचे आईबाप मेंढरं घेऊन गेले तेव्हा ती एका नातेवाइकाकडं राहिली होती. जानेवारीत निवड झालेल्यांची नावं आली आणि त्यात ती होती. ह्यात माझं कर्तृत्व काय, तर दोन शब्द, आणि तेही सांगितलेले.

पण सत्कार झाला माझा. त्याच सभागृहात, त्याच बाकांत गुडघे अडकवून. असामान्य मुलं ओळखणाऱ्या शिक्षकांना शाल, नारळ आणि चौकटीतलं प्रमाणपत्र होतं. मुलांना गुलाबाचं एकेक फूल. तोच पंचविशीतला तज्ज्ञ माझ्या नोंदीचं कौतुक करत होता. हजारो पत्रकं बघितली, म्हणाला, सगळीकडं तीच छापील वाक्यं. ह्या बाईंनी मात्र मुलीला खरोखर बघितलंय. आगाऊ विचार करते, असं कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी माझ्याकडं बघत सगळ्यांत जोरात वाजवल्या. शाळेचं नाव झालं होतं ना.

मग त्यानं माझ्या हातात माइक दिला आणि विचारलं की ह्या मुलीतलं वेगळेपण तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं. मी नम्रपणाचा आव आणून म्हणाले की मला जरा उशिराच कळलं, ह्या प्रशिक्षणामुळंच माझे डोळे उघडले. हेच उत्तर तिथं हवं होतं, आणि हवी ती उत्तरं द्यायला मी लहानपणापासून शिकले आहे. पुन्हा टाळ्या पडल्या. पोरगी पहिल्या ओळीत बसली होती. तिनंही वाजवल्या, माझ्याकडं बघून, जराही न हसता. मला तिथून सुटायची वाट करून देत होती, आणखी एकदा.

मी शाल सावरत खाली उतरले. उशिरा कळलं हे साफ खोटं होतं. आम्हाला ओळखता येत नाही असं धरूनच हे सगळे तक्ते आणि तज्ज्ञ. आम्हाला ओळखता येतं. पहिल्या आठवड्यात येतं, कुणी शिकवायला लागत नाही. त्या सप्टेंबरातल्या तासाला ती 'एकईस' म्हणाली, तेव्हाच मला कळलं होतं की तिचं बरोबर आहे. आणि तिनं गोल कुंपणाचं सांगितलं, तेव्हा तर ही पोरगी माझ्यापेक्षा किती पुढं जाऊ शकते हेही कळलं होतं. म्हणूनच मी तिला खाली बसवलं होतं.